भातगिरणीच्या हिशेबासाठी संगणकप्रणालीची निवड

भंडारा जिल्ह्यातील भातगिरणी चालविणाऱ्या कंपनीने हिशेबाची संगणकप्रणाली निवडताना विक्रेत्याने दाखविलेल्या सोयींच्या यादीवर विसंबू नये. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे साधा तांदूळ 67 किलो, उकडा 68 किलो जमा करावा लागतो. तूट आल्यास भार गिरणीवरच पडतो. यास्तव गतहंगामाची प्रत्यक्ष आवक-जावक प्रणालीत भरून तांदूळ, कणी, कोंडा, तूस व घट यांचा ताळा जुळतो काय, हे प्रथम पाहावे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद कायद्याने आवश्यक झाली आहे. शिवाय हिशेब 8 वर्षे जपावयाचे असल्याने, विक्रेता बदलल्यास ते वाचनीय रूपात परत मिळतील काय, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.