शहरात कोणती सायकल घ्यावी: साधी, फिक्स की गिअरची?

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की सायकलच्या दुकानांत गर्दी वाढते. मुलाला गिअरची सायकल हवी असते, कारण मित्राकडे तीच असते. वडिलांना साधी हवी असते, कारण त्यांनी आयुष्यभर तीच चालवलेली असते. दुकानदार तर महागाचीच पुढे करतो. अर्ध्या तासात निर्णय होतो आणि घरात जमवलेले पैसे त्यात जातात.

हा निर्णय दिसतो तेवढा लहान नाही. सायकल नीट निवडली तर पुढची चार-पाच वर्षे बस आणि शेअर रिक्षाचे भाडे वाचते, वेळेवर पोहोचता येते, कुणावर अवलंबून राहावे लागत नाही. निवड चुकली तर तीच सायकल वर्षभरात जिन्याखाली गंजत पडते. कुठल्याही वस्तीत फिरताना अशा सायकली दिसतात. त्यांतल्या बऱ्याच गिअरच्या असतात आणि त्यांच्या चेन लोंबकळत असतात.

सायकल हे आजही कष्टकऱ्यांचे वाहन आहे. 2011 च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक कामावर सायकलने जात होते. तरीही सायकल कशी निवडावी, याची माहिती मराठीत बहुतेक हौशी लोकांसाठीच लिहिली जाते. ज्यांना रोज सायकलवरच जायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

तीन प्रकारांत नेमका फरक काय?

साध्या सायकलीला म्हणजे सिंगल-स्पीडला पुढे एक दातेरी चक्र असते आणि मागे एक फ्रीव्हील. पायडल मारले की चाक फिरते, पाय थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. उतारावर जो टक-टक आवाज येतो, तो या फ्रीव्हीलचा.

फिक्स म्हणजे फिक्स्ड-गिअर सायकलीलाही एकच गिअर असतो, पण फ्रीव्हील नसते. मागचे चक्र चाकाला पक्के जोडलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते, उतारावरही पाय थांबवता येत नाहीत. दिसायला ती साध्या सायकलीसारखीच असते, म्हणून नवख्या माणसाची फसगत होते.

गिअरच्या सायकलीत मागे सहा-सात किंवा जास्त चक्रे असतात, पुढे एक ते तीन. डिरेलर नावाचा भाग चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. दुसऱ्या एका प्रकारात गिअर मागच्या हबच्या आत बंद असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब गाजला आणि नेदरलँड्ससारख्या देशांत रोजच्या वापरासाठी असे हब आजही लोकप्रिय आहेत. आपल्याकडे मात्र ते क्वचितच मिळतात.

दात्यांचा साधा हिशेब

गिअर म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, एवढेच. हा हिशेब कुणालाही करता येतो. पुढच्या चक्राचे दाते मोजा, मागचे मोजा आणि भागाकार करा.

समजा पुढे 44 दाते आहेत आणि मागे 18. भागाकार आला सुमारे 2.4, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरते. मोठ्या चाकाच्या जुन्या धाटणीच्या सायकलीवर चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर असतो. त्यामुळे एका फेरीत सायकल 5.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग होतो ताशी 19 किलोमीटर. शहरात एवढा वेग पुरेसा आहे, कारण सिग्नल आणि गर्दी त्याहून जास्त वेगाने जाऊच देत नाहीत.

आता मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 20 दात्यांचे बसवले, तर एका फेरीत सायकल 4.8 मीटर जाईल. वेग दहाव्या हिश्शाने कमी होईल, पण सिग्नलवरून सुटताना आणि चढावर पायांवरचा जोरही तेवढाच कमी होईल. हे काम गल्लीतला मेकॅनिक करून देतो, कधी चेनची एखादी कडी वाढवावी लागते. साधी सायकल जड जाते अशी तक्रार असेल, तर नवी सायकल घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

चढ आहे की नाही, हा पहिला प्रश्न

सायकल, माणूस आणि दप्तर मिळून 80 किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना हवेचा आणि टायरचा विरोध मिळून साधारण सव्वा किलोची ओढ असते. रस्ता शंभर मीटरमागे पाच मीटर चढू लागला की त्यात आणखी चार किलोची भर पडते. म्हणजे तोच वेग ठेवायचा तर जोर चौपट लावावा लागतो. डोळ्यांना किरकोळ वाटणारा चढ गुडघ्यांना का जाणवतो, ते यातून कळते.

इथे गिअर उपयोगी पडतो. गिअरच्या सायकलीत पुढे 24 आणि मागे 28 दाते घेतले तर पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम 1.8 मीटर जाते. वरच्या साध्या सायकलीच्या तुलनेत पायावरचा जोर एक तृतीयांश होतो, पण फेऱ्या तिप्पट माराव्या लागतात. गिअर कष्ट नाहीसे करत नाही. एकदम करायचे कष्ट तो थोडे-थोडे करून वाटून देतो. ज्याचे गुडघे दुखतात किंवा ज्याला मागे ओझे घेऊन चढायचे आहे, त्याच्यासाठी ही वाटणी मोलाची आहे.

म्हणून शहरापेक्षा आपला रोजचा रस्ता पाहा. नागपुरात इंदोऱ्याहून सीताबर्डीला जाणाऱ्याचा रस्ता बहुतांश सपाट आहे. तिथे चांगली साधी सायकल पुरेशी आहे. पुण्यात मात्र मध्यवस्तीतून कात्रजकडे जाणाऱ्याला चढच आहे. पेशवाईत बांधलेल्या नळातून कात्रजच्या तलावाचे पाणी कुठल्याही पंपाशिवाय, केवळ उताराने शनिवारवाड्यापर्यंत येत असे. ज्या वाटेने पाणी आपोआप खाली येते, त्या वाटेने उलट जाणाऱ्या सायकलस्वाराला गिअर हवेत.

21 गिअर म्हणजे 21 पर्याय नव्हेत

पुढे तीन आणि मागे सात चक्रे म्हणून 21 असा आकडा सायकलवर लिहिलेला असतो. पण पुढे 42 व मागे 28 दाते घेतले तर भागाकार 1.5 येतो, आणि पुढे 24 व मागे 16 घेतले तरी 1.5 च येतो. पुढे 34 आणि मागे 22 घेतले तरी उत्तर त्याच्या आसपासच. असे एकमेकांवर चढलेले गिअर बरेच असतात. शिवाय चेन फार तिरकी होते म्हणून काही जोड्या वापरूच नयेत. शहरासाठी पुढे एक चक्र आणि मागे सहा-सात एवढे गिअर बहुतेकांना पुरतात. त्यात बिघडणारे भागही कमी असतात.

स्वस्तातली गिअरची सायकल घेताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पुढे-मागे शॉकअ‍ॅब्जॉर्बर असतील तर वजन वाढते आणि पायडल मारताना थोडी ताकद सायकल वर-खाली होण्यातच जाते. डांबरी रस्त्यावर त्यांची गरज नसते. दुसरे म्हणजे अशा सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर बऱ्याचदा नसतात. ते वेगळे घ्यावे लागतात, म्हणून किमतीत त्यांचाही खर्च धरावा.

चेनकव्हरचा मुद्दा मुली आणि महिलांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. साडीचा पदर, ओढणी किंवा सलवार चेनमध्ये अडकून पडल्याने गंभीर दुखापत होऊ शकते. साध्या सायकलीची चेन पूर्ण झाकता येते. डिरेलरच्या सायकलीत चेन सतत जागा बदलते, त्यामुळे ती पूर्ण झाकता येत नाही. दुकानात मुलीसाठी सायकल पाहताना हा मुद्दा बहुधा कुणी काढत नाही. तो आपण काढावा.

फिक्स सायकल: हौस आणि धोका

फिक्स सायकल मुळात शर्यतीच्या गोल ट्रॅकसाठी आहे. तिथे समोरून गाडी येत नाही, कुत्रे आडवे येत नाही, म्हणून ट्रॅकच्या सायकलीला ब्रेकही नसतात. पुढे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सायकलवरून टपाल पोहोचवणाऱ्यांनी ती रस्त्यावर आणली. सुटे भाग कमी आणि देखभाल सोपी, हे त्यांना सोयीचे होते. तिथून ती फॅशन झाली आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही पोहोचली.

तिच्या चाहत्यांचे म्हणणे खोटे नाही. सायकल आणि शरीर एकजीव झाल्यासारखे वाटते, वेगावर पायांचे बारीक नियंत्रण राहते. पण पायांनी फक्त मागचे चाक रोखता येते. थांबताना शरीराचे वजन पुढे जाते, मागचे चाक हलके होते आणि घसरते. सायकल थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. 2016 मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. 2017 मध्ये त्या तरुण सायकलस्वाराला 18 महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये फिक्स सायकललाही पुढचा ब्रेक कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्या रस्त्यांवर खड्डे, अचानक उघडणारे गाडीचे दार आणि उलट्या बाजूने येणारी दुचाकी हे रोजचेच आहे. वळणावर पायडल थांबवता येत नसल्याने ते गतिरोधकाला किंवा दुभाजकाला घासण्याचा धोकाही असतो. त्यामुळे रोजच्या कामासाठी फिक्स सायकल घेऊ नये. हौस म्हणून घेतलीच, तर दोन्ही ब्रेक लावूनच चालवावी. काही सायकलींच्या मागच्या हबला एका बाजूला फिक्स चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असते. चाक काढून उलटे बसवले की प्रकार बदलतो. सुरुवात फ्रीव्हीलच्या बाजूनेच करावी.

दुरुस्ती कोण करणार?

साध्या सायकलीचे काम नाक्यावरचा पंक्चरवाला करू शकतो. ब्रेकचे गुट्टे, चेन, फ्रीव्हील, आरे हे सगळे त्याच्याकडे असते. गिअरच्या सायकलीत डिरेलर हा नाजूक भाग आहे. गर्दीच्या स्टँडवर सायकल उजव्या अंगावर पडली तरी तो वाकतो आणि चेन उड्या मारू लागते. पावसाळ्यात चिखल बसला की केबल अडकते. हे नीट करणारा माणूस प्रत्येक वस्तीत नसतो. म्हणून गिअरची सायकल घेण्याआधी तिची दुरुस्ती करणारा माणूस शोधा. तो घरापासून सात-आठ किलोमीटरवर असेल, तर हा खर्चही किमतीत मिळवा.

कुठलीही सायकल असो, आठवड्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसून थोडे तेल द्यावे आणि टायरमध्ये पुरेशी हवा ठेवावी. कमी हवेच्या टायरवर गिअरची सायकलही जड जाते.

मग काय घ्यावे?

रस्ता सपाट असेल, अंतर एका बाजूने सात-आठ किलोमीटरपर्यंत असेल आणि खर्चाला मर्यादा असेल, तर साधी सायकल घ्या. वाचलेले पैसे चांगले ब्रेक, चांगले टायर, कुलूप आणि मागच्या लाल दिव्यावर खर्च करा. रोज मोठा चढ असेल, अंतर जास्त असेल, मागे मूल किंवा ओझे असेल किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर मागे सहा-सात गिअरची सायकल घ्या.

पैसे देण्यापूर्वी सायकल चालवून पाहा. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. शक्य असेल तर मित्राकडून तशीच सायकल घेऊन एकदा आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवा आणि जिथे सर्वांत जास्त चढ आहे तिथे दम किती लागतो ते बघा.

साधी सायकल घेतली म्हणून माणूस कमी ठरत नाही आणि 21 गिअर घेतले म्हणून मोठा होत नाही. मुलाला हे घरातच सांगितले पाहिजे, कारण दुकानात ते कुणी सांगणार नाही. दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी मुलासोबत बसून चढ किती, अंतर किती, ओझे किती आणि दुरुस्ती कुठे, एवढे चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत. तो कागद खिशात ठेवूनच दुकानात जावे.