पूर येण्याआधी बोटीच्या इंजिनाचा दोर ओढून बघा



कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षे कोणी विसरलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथे धोक्याची पातळी धरतात ४५ फुटांना. या महापुरांनंतर काठच्या अनेक गावांत फायबरच्या बोटी आल्या. बोटीच्या मागे पेट्रोलवर चालणारे आऊटबोर्ड इंजिन असते. पाणी ओसरले की बोट समाजमंदिरामागे पालथी पडते आणि इंजिन पोत्यात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात जाते. मग पुढच्या पुरात पाणी वेशीला लागले की त्याची आठवण होते. चार जण आळीपाळीने दोर ओढतात, खांदे दुखून येतात, इंजिन मात्र हूं का चूं करत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच हा प्रकार. बोटीचे इंजिन हा काही शेतीचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ही जुनी इंजिने बहुतेक टू-स्ट्रोक असतात. म्हणजे तुमचा पॉवर स्प्रे, ग्रास कटर किंवा जुनी लुना, राजदूत यांचाच हा मोठा भाऊ. ज्याने राजदूतचा प्लग साफ केला आहे, त्याला हे इंजिन अवघड नाही. पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन या तीन गोष्टी जुळल्या की इंजिन सुरू होते. न सुरू होणारे इंजिन या तिघांपैकी कुणावर तरी अडलेले असते. कोणावर, ते क्रमाने शोधायचे. अंदाजाने सगळे खोलत बसू नये.

आधी पाणी, मग दोर

हे इंजिन नदीच्या पाण्यानेच थंड होते. त्यामुळे ते कोरडे सुरू करू नये. पाण्याचा पंप चालवणारा आतला रबरी पंखा, ज्याला इम्पेलर म्हणतात, तो कोरडा फिरला तर मिनिटाच्या आत खराब होऊ शकतो. नदीवर जाणे नको असेल तर मोठे पिंप घ्यावे. भक्कम लाकडी फळीवर इंजिन घट्ट आवळावे आणि खालचा भाग पिंपातल्या पाण्यात सोडावा. बाहेरच्या पंख्याच्या वरच्या पत्र्यापर्यंत पाणी हवे. पंखा काढता आला तर काढावा, नाहीतर हात लांब ठेवावेत. हे काम उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो.

झाकण न उघडता पाहायच्या पाच गोष्टी

१) गिअर न्यूट्रलला आहे का? अनेक इंजिने गिअरमध्ये असताना दोरच ओढू देत नाहीत.

२) लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का? चालवणारा ही दोरी मनगटाला बांधतो. क्लिप निघाली की ठिणगी बंद होते. ही क्लिप हरवली म्हणून इंजिन 'बिघडले' असे समजून शहरात नेल्याचे प्रकार घडतात.

३) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर टाकीतून पेट्रोल येत नाही.

४) पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून पाहा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबत गेले की फुगा कडक झाला पाहिजे. कडक होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे किंवा गळते आहे. सांध्यातली रबरी रिंग आधी तपासा. फुगा चपटाच राहत असेल तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे.

५) इंजिन थंड असेल तर चोक ओढलेला हवा. फटफट आवाज आला की चोक आत सारावा.

एवढे करून सहा-सात वेळा दोर ओढूनही सुरू झाले नाही तर थांबावे. जास्त ओढल्याने इंजिन सुरू होत नाही, फक्त प्लग भिजतो आणि दोर तुटतो.

प्लग काय सांगतो

आता झाकण काढून प्लग पान्याने प्लग काढा आणि नीट बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण जळत नाही. काळा, तेलकट असेल तर ऑईल जास्त झाले आहे किंवा चोक जास्त वेळ राहिला आहे. भिजलेल्या प्लगसाठी चोक आत सारून, रेस पूर्ण देऊन, प्लग बाहेर ठेवून चार वेळा दोर ओढावा. आतले जादा पेट्रोल बाहेर पडते. त्या वेळी प्लगच्या टोप्या भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला लावून ठेवाव्यात आणि बिडी-काडी जवळ नसावी.

ठिणगी पाहायची तर प्लग त्याच्या टोपीत बसवावा, त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावेत आणि दुसऱ्याला दोर ओढायला सांगावे. प्लग उघड्या हाताने धरू नये, रबरी मुठीच्या पक्कडीत धरावा. प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नये, तिथे पेट्रोलची वाफ असते. इंजिन दोन सिलिंडरचे असेल तर दोन्ही प्लग असेच टेकवून तपासावेत. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, मंद ठिणगी कामाची नाही.

बहुतेक वेळा दोष जुन्या पेट्रोलचा

ठिणगी चांगली असेल तर संशय पेट्रोलवर घ्यावा. वर्षभर पडून राहिलेले इंजिन जास्त करून इथेच अडते. जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये आटून डिंकासारखे चिकट होते आणि बारीक जेट बुजवते.

आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच उसापासून कारखान्यांत इथेनॉल होते, ते चांगलेच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर शेडमध्ये पडली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते. नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा, आणि त्यात ऑईलही नसते. शिवाय जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नसतात. त्या मऊ पडतात, आतून सुटतात.

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटे ठेवा. गढूळ दिसले किंवा तळाला वेगळा थर बसला तर टाकी, नळी, फिल्टर सगळे रिकामे करून ताजे पेट्रोल भरा. एवढ्याने नाही भागले तर कार्बोरेटर उतरवून क्लीनरने धुवावा आणि जेटमधून हवा मारावी. जेटमध्ये तार घालू नये. भोक मोठे झाले की इंजिन पुन्हा नीट चालत नाही.

ऑईलचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. ५० ला १ असे लिहिले असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑईल. फार जुन्या इंजिनांना यापेक्षा जास्त लागते. ऑईल बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचेच घ्यावे, त्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' असे लिहिलेले असते. ऑईल न घालता नुसते पेट्रोल टाकले तर इंजिन जाम झालेच म्हणून समजा.

ठिणगीच नसेल तर

आधी नवा प्लग लावून बघा. तो स्वस्त असतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होते. मग प्लगची टोपी आणि वायरी पाहा. शेडमध्ये पडलेल्या इंजिनाच्या वायरी उंदीर कुरतडतात. जोडांवर गंज चढला असेल तर घासून साफ करा. लाल दोरीचा स्विच खराब निघाला तर बदलून घ्यावा. वायर तोडून तो कायमचा काढून टाकू नये. चालवणारा पाण्यात पडला तर तोच स्विच इंजिन थांबवतो. एवढे करूनही ठिणगी नसेल तर कॉईलचे काम मिस्त्रीला सांगावे.

दोर ओढताना अजिबात जोर लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेले आहे. दोर हलतच नसेल तर आत गंजून जाम झाले आहे. दोन्हीही घरगुती कामे नव्हेत. इंजिन आधी पुरात बुडाले असेल आणि आत गाळ असेल तर दोर ओढूच नये. गाळाने आतला भाग घासून निघतो.

सुरू झाल्यावर

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार नसेल तर ताबडतोब बंद करा. कधी धारेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते, ते काडीने काढावे. तरी धार आली नाही तर इम्पेलर बदलावा. खालच्या गिअरचे ऑईल थोडे काढून पाहावे. दुधासारखे पांढरे निघाले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरते आहे.

बंद करताना पेट्रोलची नळी सोडवावी आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. कार्बोरेटर रिकामा होतो, पुढच्या वर्षीचे निम्मे दुखणे तिथेच संपते. इंजिन उभे टांगून ठेवावे. ऑईल मिसळलेले पेट्रोल उरले तर ते साठवू नये.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले ग्रामसेवक) यांना विनंती की मे महिन्यात एक दिवस यासाठी ठरवावा. पूर्वमशागत संपलेली असते, माणसे गावात असतात. त्या दिवशी इंजिन पिंपात सुरू करून दाखवावे आणि सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला ते दहा मिनिटे चालवावे. एक वही ठेवून तारीख, कोणी सुरू केले, काय बदलले हे लिहावे. इंजिनासोबत पत्र्याच्या डब्यात दोन नवे प्लग, प्लग पाना, जादा लाल क्लिप, दोर, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर असावा. किमान तीन तरुणांना हे काम यायला हवे. एकच जाणकार असला आणि तो नेमका परगावी अडकला तर बोट असून नसल्यासारखी.

आणि एक. इंजिन सुरू झाले म्हणून बोट सुरक्षित झाली असे नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. म्हणून किती माणसे बसवायची तो आकडा बोटीवर रंगाने मोठा लिहून ठेवा. प्रत्येकाला लाईफ जॅकेट असल्याशिवाय दोर ओढू नका.

यंदाचा पाऊस कसा होईल ते आपल्या हातात नाही. शेडमधले पोते सोडून प्लग बघणे मात्र आहे, आणि त्याला लागतो फक्त एक सकाळचा वेळ.