ओझ्याला माप हवे

पुण्याच्या मंडईत हमाल पाटी उचलण्यापूर्वी तिचे वजन अजमावतो. पेलणार नसेल तर ‘दोन फेऱ्या करू’ म्हणतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. इथून जवळच, नाना-भवानी पेठांच्या बाजारात, डॉ. बाबा आढावांनी हमालांची संघटना बांधली. शंभर किलोचे पोते ५० किलोवर आणण्यासाठी हमालांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आढाव स्वतः डॉक्टर होते. पण पाठीवर औषध देऊन ते थांबले नाहीत. पोत्यालाच त्यांनी हात घातला.

उद्याच्या डॉक्टरांच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो, असे मला वाटते. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग काम बारा तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले. प्रत्यक्षात छत्तीस-छत्तीस तासांची ड्यूटी मर्दुमकी म्हणून मिरवली जाते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत ४८चे ७४ झाले, आणि हीसुद्धा सवलत वाटावी, अशी परिस्थिती! त्याच कृतिदलाच्या पाहणीत पदवीच्या सुमारे १६ टक्के आणि पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले.

तास निदान मोजता येतात. अपमान कशाने मोजायचा? जळगावची डॉ. पायल तडवी आदिवासी समाजातून मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकायला आली. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याची तक्रार घरच्यांनी केली. प्रकरण न्यायालयात गेले. अशा मुलीला ‘ताण कसा हाताळावा’ यावर व्याख्यान देऊन काय उपयोग?

समुपदेशक हवाच. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर हवा. पण समुपदेशक परीक्षकांच्या खात्यातला नसावा. नाहीतर मन कोण मोकळे करील? आणि मन सावरण्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून महाविद्यालयाला मोकळे होता येणार नाही. ड्यूटीचे तास फलकावर लिहा, तक्रारीची तड लावा, सुट्टी मागणाऱ्याला कामचुकार म्हणू नका.

आईबापांनीही एक करावे. फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय?’ याआधी ‘झोपलास का रे?’ एवढे विचारावे. ‘मला झेपत नाही’ हे वाक्य घरात लाज न वाटता बोलता आले, तर ते वॉर्डातही बोलता येईल.