भीती हातात मावते तेव्हा

समजा, सास्तूरमधल्या एका घराच्या ओसरीवर दहा वर्षांचा नातू बसला आहे. समोर प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले लहान लहान तुकडे आहेत: जबडा, पंजे, शेपूट, पाठीवरचे काटे. आजोबा विचारतात, "काय करायलास रं?"
"आबा, गॉडझिला हाय. आख्खं शहर पाडतोय त्यो."
आबा हसतात आणि मग गप्प होतात. पडलेले गाव त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी-सास्तूर परिसरात जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. गावे पुन्हा वसली, पण मनातल्या पडझडीला वेळ लागतो. विसर्जनाचे दिवस जवळ आले की काहींना आजही झोप लागत नाही. दुर्घटनेचा दिवस जवळ येताना जुना त्रास उसळणे ही मानसोपचारात ओळखीची गोष्ट आहे.

गॉडझिलाचा जन्मही अशाच धक्क्यातून झाला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे २३ जण आजारी पडले. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला गॉडझिलाचा पहिला चित्रपट आला. अणुचाचण्यांमुळे जागा झालेला राक्षस त्यात टोकियो तुडवतो. जपानी माणसांनी आपल्या भीतीला एक आकार दिला. पुढे मुलांनी त्याच राक्षसाचे खेळणे केले. १९६४ मध्ये अमेरिकेतील ऑरोरा कंपनीने त्याचे जोडायचे मॉडेल काढले, पण त्याला डिंक लागायचा. आजच्या स्नॅप किटला तो लागत नाही. खुंटी खाचेत दाबली की 'खट्' आवाज होतो आणि तुकडा घट्ट बसतो. डिंकाचा उग्र वासही टळतो.

या खेळात हातांना भरपूर काम मिळते. माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात आणि मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागात हाताला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली आहे. तुकडा चिमटीत धरायचा, फिरवून पाहायचा, चित्राशी ताडायचा, बेताच्या जोराने दाबायचा, यात बोटे आणि नजर जोडीने काम करतात.

याचा मनाशीही संबंध आहे. मनात चित्रे धरून ठेवणारी जागा मर्यादित असते. इंग्लंडमधील संशोधकांनी २००९ मध्ये ४० जणांना अपघातांची भयानक दृश्ये दाखवली. अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्यांना दहा मिनिटे टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे जुळवण्याचा खेळ, दिला. पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्ये कमी वेळा आली, पण काय पाहिले ते मात्र त्यांच्या लक्षात होते. हा प्रयोग टेट्रिसचा होता, किटचा नव्हे. तेव्हा किटला औषध समजू नये. मात्र हात गुंतलेले असले, नजर समोरच्या तुकड्यावर असली, की अवघड गोष्ट बोलणे सोपे जाते, हा अनुभव शेंगा फोडत बसलेल्या कोणत्याही आजीला आहे.

लातूर-धाराशिव भागात जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा वेळी मोठ्यांचा चेहरा पाहून मुले घाबरायला शिकतात. "काही झालं नाही, गप झोप" म्हणण्यापेक्षा काय झाले होते, आता घर कसे बांधले आहे, हादरा बसला तर कुठे थांबायचे, हे साध्या शब्दांत सांगावे. त्यासाठी अशी एक निवांत दुपार पुरते.

भीती मात्र खेळाच्या पलीकडची असेल तर ओळखावी. तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसणे, दचकून जागे होणे, ट्रक गेला तरी घराबाहेर धावणे, त्या आठवणीच टाळणे, असा त्रास महिन्याहून अधिक टिकला आणि रोजच्या कामात अडथळा आणू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. घटनेला तीस वर्षे झाली असली तरी उपचार होतात. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

किट देताना खोक्यावरचे वय पाहावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बारीक तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकतात. चौकटीतून तुकडे पिरगळून तोडू नयेत, साधे नेलकटर चालते. आणि मूल अडले की लगेच हातातून घेऊ नये.

शेपूट बसेना म्हणून नातू ती आबांपुढे धरतो. आबा धरतात, नातू दाबतो. खट्. मग आबा आपणहून सांगू लागतात, "त्या रात्री आम्ही गणपती बोळवून आलो होतो बघ..."