आक्रसलेल्या मेंदूची अर्धीच गोष्ट

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वानिया अपकारियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जुनाट पाठदुखीच्या 26 रुग्णांच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून पाहिली. रुग्णांच्या मेंदूतील ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशींनी दाट असलेला भाग, 5 ते 11 टक्क्यांनी कमी भरला. एवढी घट वयोमानाने व्हायला दहा ते वीस वर्षे लागतात, असा त्यांचा हिशेब होता. ‘पाठदुखीने मेंदू आक्रसतो’ हे वाक्य तेव्हापासून जे रुजले ते आजही उपटलेले नाही. त्या निष्कर्षाचे मोल मोठे होते, कारण वर्षानुवर्षे कण्हणाऱ्या माणसाच्या तक्रारीला प्रथमच दिसेल असा शारीरिक आधार मिळाला. पण या क्षेत्राची गेली साठ वर्षे एकत्र पाहिली, तर त्यांचे सार या वाक्यात नाही असे दिसते. वेदना मेंदूला बदलते हे खरेच आहे, आणि वेदना ओसरली तर तो बदल बऱ्याच अंशी मागे फिरू शकतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

जखम जेवढी मोठी तेवढी वेदना मोठी, हे सरळ गणित फार काळ चालले. त्याला पहिला मोठा तडा युद्धभूमीवर गेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक हवेसे वाटले नाही, असे हेन्री बीचर या डॉक्टरांनी 1946 मध्ये नोंदवले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये त्यामागची यंत्रणा सुचवली. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि कोणता संदेश किती वर जाऊ द्यायचा हे ठरण्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांचाही वाटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दाराचे तपशील पुढे बरेच दुरुस्त झाले, पण मूळ विचार टिकला. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये त्यात निर्णायक भर घातली. उंदराच्या पायाला इजा झाल्यावर मज्जारज्जूची संवेदनशीलता वाढते आणि त्या पायाला बधिर केले तरी ती वाढलेलीच राहते, असे त्यांना आढळले. दुखणे टिकवून धरण्याची क्षमता खुद्द मज्जासंस्थेत असते, हे यातून स्पष्ट झाले.

2004 च्या चित्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की पुढचा प्रश्न आपसूक उभा राहतो: ही घट वेदनेचे कारण की परिणाम? जर्मनीतील आर्ने माय यांच्या गटाने 2009 मध्ये याचे साधे पण नेमके उत्तर दिले. त्यांनी खुब्याच्या सांध्याची झीज होऊन सतत दुखणे असलेले 32 रुग्ण तपासले. त्यांच्यातही ग्रे मॅटर घटलेले होते. त्यांपैकी 10 जणांना सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासले, तेव्हा वेदना गेलेली होती आणि घटलेल्या भागांत ग्रे मॅटर वाढलेले होते. दोनच वर्षांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या गटाला पाठदुखीच्या रुग्णांतही परिणामकारक उपचारांनंतर मेंदूच्या पुढच्या भागात अशीच भरपाई दिसली. चेतापेशी मेल्या असत्या तर ग्रे मॅटर काही महिन्यांत परतले नसते. तेव्हा घट म्हणजे पेशींचा नाश असे मानण्यापेक्षा त्यांच्या जोडण्यांत आणि भोवतालच्या ऊतींत झालेला बदल असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे अभ्यास छोटे आहेत आणि प्रतिमाचित्रांचे तंत्र फसवे आहे. आक्षेप रास्त आहे. तुटलेल्या हाताचे मेंदूतील क्षेत्र शेजारचे भाग गिळंकृत करतात आणि हा फेरबदल जितका मोठा तितकी त्या नसलेल्या हातातली वेदना अधिक, असे हेर्टा फ्लोर यांच्या गटाने 1995 मध्ये मांडले होते. टमार माकिन यांच्या 2013 च्या अभ्यासात चित्र उलटे निघाले. ज्यांची वेदना अधिक, त्यांच्या मेंदूत हाताचे क्षेत्र अधिक शाबूत होते. हा वाद ध्यानात ठेवूनच कोणताही निष्कर्ष काढायला हवा. शिवाय सगळेच बदल परिणाम नसतात. अपकारियन यांच्याच गटाने 2012 मध्ये नव्याने पाठदुखी सुरू झालेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला. भावना आणि प्रेरणा यांच्याशी संबंधित दोन केंद्रांमधला संवाद सुरुवातीपासून ज्यांच्यात अधिक घट्ट होता, त्यांचेच दुखणे टिकण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे काही माणसांत आधीचा कल असतो. मात्र कल असणे आणि कायमची हानी होणे यांत मोठे अंतर आहे.

दुसरा आक्षेप रुग्णांचा, आणि तो अधिक तीव्र: ‘मेंदूत आहे म्हणजे मनाचे खेळ आहेत, असेच ना?’ नाही. मेंदूतली प्रक्रिया हाडामांसाइतकीच शारीरिक असते. उलट केवळ मणक्याच्या चित्रावर विसंबणेच अधिक दिशाभूल करते. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. मणक्यातील गादीची झीज विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत आढळली. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढ्या निदानाने दुखण्याचा उलगडा होत नाही तो यामुळेच. पण मणक्याच्या चित्राच्या जागी मेंदूचे चित्र बसवणे हीही तीच चूक ठरेल. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2017 मध्ये बजावले, की एखाद्याला दुखते की नाही हे ठरवण्यासाठी मेंदूची चित्रे न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नयेत. रुग्णाचा शब्द हाच आजही पहिला पुरावा आहे.

उपचारांबाबतही एकच बाजू धरणे चूक ठरेल. खुब्याच्या रुग्णांना सांधा बदलूनच आराम पडला, म्हणजे शरीरातले कारण सापडले तर ते दूर करायलाच हवे. ज्यांच्यात तसे ठोस कारण उरत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. अमेरिकेत 151 पाठदुखीग्रस्तांवर झालेल्या आणि 2022 मध्ये छापून आलेल्या चाचणीत, वेदनेला धोक्याचा इशारा न मानण्याचे चार आठवड्यांचे मानसोपचार घेतलेल्या गटातील 66 टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. लुटुपुटीचे इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण 20 टक्के आणि नेहमीच्या उपचारांत 10 टक्के होते. सौम्य ते मध्यम वेदना असलेल्यांवरची ही एकच चाचणी सर्वांना लागू करता येणार नाही. पण साठ वर्षांचा कल तिच्याशी जुळतो. म्हणून तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, तर ‘मेंदू खराब झाला’ ही भीती आणि ‘काही नाही, मनाचेच आहे’ ही बोळवण, दोन्ही नाकारा. तुमचे दुखणे खरे आहे, आणि ते कायमचेच आहे असे विज्ञान म्हणत नाही.