दस्तातले उस्मानाबाद

वडिलांच्या १९७४ सालच्या खरेदीखतावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ असे लिहिलेले आहे. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाल्यावर एका खिडकीवर मला ऐकवण्यात आले, “हे आता चालायचं नाही.” मी वकील नाही, म्हणून कायदाच उघडून वाचला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४ महसुली क्षेत्राचे नाव बदलण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. सप्टेंबर २०२३ ची अधिसूचना त्यावरच उभी आहे. तिला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळले; सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये हस्तक्षेप केला नाही. कोणते नाव बरे, हा वाद समाजाचा. न्यायालय आधी पाहते ते हे, की केलेली कृती कलमाच्या शब्दांत बसते का.

माझ्या खताचे उत्तरही त्याच कलमात निघाले. नाव बदलले, की कायद्यांतले आणि दस्तऐवजांतले जुन्या नावाचे उल्लेख नव्या नावाचेच मानायचे. स्पष्टपणे वेगळे सांगितले असेल तेवढा अपवाद. ‘मानायचे’ हा शब्द मोठा आहे. कागदावर नसलेले नाव तिथे आहे असे तो धरायला लावतो.

मात्र शब्द संपतात तिथे थांबावेही लागते. हे कलम महसुली क्षेत्रांचे. लोकसभा मतदारसंघाचे नाव परिसीमन आदेशातून येते. म्हणून २०२४ ची निवडणूक ‘उस्मानाबाद’ मतदारसंघातच झाली.

खरेदीखत मी पुन्हा ट्रंकेत ठेवले, एकही अक्षर न खोडता.