कबंध : घट आणि धड

आमच्या वडनेर भोलजीच्या पारावर कुणी कुणाला 'बिनडोक' म्हणाले, तरी ऐकणाऱ्याच्या मानेवर डोके शाबूत असते. आक्षेप असतो तो अकलेवर. 'बिन' म्हणजे संस्कृत 'विना'. शब्दाचा सरळ अर्थ 'डोक्यावाचून'. पण खरोखर शिर नसलेल्या देहाला मराठी माणूस बिनडोक म्हणत नाही. त्यासाठी पोथ्यापुराणांतून आलेला शब्द आहे, 'कबंध'.

कबंध म्हणजे शिर तुटलेले प्रेत, असे मी अनेक वर्षे सांगत आलो. ते चूक होते. अमरकोश उघडून पाहिला तेव्हा समजले की, तिथे नुसते शिर नसणे पुरत नाही. ते धड क्रियायुक्त, म्हणजे हालचाल करणारे असावे लागते. रणात शिर पडल्यावरही हात चालवणारा तो कबंध. निपचित पडलेला देह कबंध नव्हे. त्याच कोशात 'कबंध' हे पाण्याचेही नाव आहे. धड आणि पाणी यांचा संबंध काय?

उत्तर ऋग्वेदात सापडते. पाचव्या मंडलातील ८५व्या सूक्तात वरुण 'कवंध' पालथा करून पाणी ओततो. हा कवंध म्हणजे पाण्याचे पिंप; यास्काने निरुक्तात त्याचा अर्थ मेघ असा दिला आहे. म्हणजे शब्द आधी भांड्याचा. गोल पोटाचे, वर उघडे तोंड असलेले भांडे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे शिर नसलेल्या धडाला तेच नाव का मिळाले असावे, हे कळते.

वाल्मीकींच्या अरण्यकांडातील कबंध राक्षस असाच आहे. इंद्राच्या वज्राने त्याचे डोके धडात दबले. तोंड पोटावर आले. माणसाचा जणू रांजणच झाला.

आपल्याकडे हे नाते देवघरातही दिसते. नवरात्रात घट बसतो, तो देवीच म्हणून. कलशावर नारळ ठेवला की त्याला शिर येते. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनला आणि धाराशिवकडील तेरला लज्जागौरीच्या प्राचीन मूर्ती मिळाल्या आहेत. या देवीला शिर नसते. अनेक मूर्तींत त्या जागी कमळ असते. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात तिचा सविस्तर शोध घेतला आहे. तिथे शिर नसणे ही उणीव नाही. तो देह सृजनाचा भरलेला घट आहे.

म्हणून हे दोन शब्द एका मापाने मोजू नयेत. बिनडोकाला डोके असून ते चालत नाही. कबंधाला डोके नसून तो चालतो. आणि रामायणातली एक गोष्ट विसरू नये. राम-लक्ष्मणांनी हात तोडल्यावर, चितेवर जळून मूळ रूप मिळताच त्याच कबंधाने रामाला सुग्रीवाशी मैत्री करण्याचा सल्ला दिला. सीतेच्या शोधाची वाट तिथून उघडली. बिनडोक म्हणावे तरी कुणाला?